साधेपणाचा थाट

रोममधल्या ‘आरा पाकिस’ या शांतिवेदीच्या दक्षिण भिंतीवर सम्राट ऑगस्टस कुठे आहे, ते शोधावे लागते. मिरवणूक चालली आहे. पुजारी आहेत, घरची माणसे आहेत. त्याचा जावई अग्रिप्पाने टोगाचा पदर डोक्यावरून घेतला आहे आणि एका लहानग्याने त्याचे वस्त्र मुठीत धरले आहे. सम्राटाची उंची इतरांएवढीच. खालच्या वेलबुट्टीत बेडूक, सरडे, पाखरांच्या घरट्याकडे सरपटणारा साप. यादवी युद्धात रक्ताचे पाट वाहवून सत्तेवर आलेल्या माणसाचे हे स्मारक! इ.स.पू. 9 मध्ये ते देवार्पण झाले, तेव्हा पांढरेफेक नव्हते, रंगवलेले होते.

ऑगस्टसची खरी करामत या साधेपणात आहे. राजवाड्याऐवजी त्याने देवळे बांधली. एका वर्षात 82 देवळांची डागडुजी केल्याचे स्वतःच्या कार्यवृत्तान्तात नोंदवले. इ.स.पू. 2 मधला त्याचा फोरम अपेक्षेपेक्षा अरुंद राहिला, कारण म्हणे शेजाऱ्यांची घरे बळकावायला त्याचे मन धजले नाही. पण आत पाहावे तर एका बाजूला पुराणपुरुष ईनिअस आणि ऑगस्टसच्या ज्युलियन कुळाचे पूर्वज, समोर रोम्युलस आणि प्रजासत्ताकाचे वीर. सगळा इतिहास जणू याच घराच्या वाटेने चालत आलेला.

ही रांग दगडाआधी कवितेत उभी राहिली होती. व्हर्जिलच्या ‘ईनिड’च्या सहाव्या सर्गात पाताळात ईनिअसला पुढे जन्मणारे रोमन दिसतात आणि त्यांत ऑगस्टसही असतो. एवढ्यावर व्हर्जिलला भाट ठरवणे सोपे आहे, पण ते मला पटत नाही. त्याचे काव्य संपते ते विजयोत्सवावर नव्हे, तर ईनिअसपुढे गयावया करणाऱ्या शत्रूच्या, टर्नसच्या हत्येवर. हस्तलिखित जाळून टाकावे, अशी कवीची इच्छा होती, इ.स.पू. 19 मध्ये तो वारल्यावर ऑगस्टसने ते वाचवले. राज्यकर्त्याने वाचवलेल्या ग्रंथातच राज्याच्या किमतीचा हिशेब राहून गेला. त्याचा समकालीन कवी होरेसने इ.स.पू. 17 च्या शतकोत्सवासाठी सरकारी स्तोत्र लिहून दिले खरे, पण सम्राटाच्या चिटणीसपदाला नकार देण्याइतकी ऐट त्याच्यात होती.

पुढच्या सम्राटांना हा तोल साधला नाही. इ.स. 64 मध्ये रोमला लागलेल्या आगीनंतर नीरोने शहराच्या मध्यात सुवर्णप्रासाद उभारला. त्याच्यानंतर सत्तेवर आलेल्या फ्लेव्हियन घराण्याने त्यातला तलाव बुजवून तिथेच लोकांसाठी प्रेक्षागार बांधले, आजचे कलोसियम. नीरोवर केलेली ही सर्वांत बोचरी टीका, आणि तीही शब्दाविना. इ.स. 80 मधल्या कलोसियमच्या उद्घाटनावर कवी मार्शलने चुटके रचले. याच घराण्यातल्या डोमिशियनच्या घोड्यावरच्या पुतळ्यावर कवी स्टेशियसने लांबलचक स्तुती लिहिली. कारागिरी उत्तम, पण वाचताना जीव गुदमरतो, कारण नकाराला तिथे जागाच नाही. इ.स. 96 मध्ये डोमिशियनचा खून झाला आणि सिनेटने त्याचे नाव शिलालेखांतून खोडायला लावले.

ऑगस्टसच्याच काळातल्या कवी ओव्हिडला मुद्दाम शेवटी ठेवले. ऑगस्टसच्या घराण्याने बांधलेले स्तंभमंडप, पॅलाटाइनवरचे अपोलोचे आवार यांची यादी त्याने ‘आर्स अमातोरिया’त दिली ती पोरी गाठण्याचे ठिकाण म्हणून. घराणे सांगत होते कुलशील, व्यभिचारावर कायदे करत होते, आणि हा गडी तिथेच संकेतस्थळे दाखवत होता. त्या वास्तूंचे याहून खरे वर्णन मला दुसरे आठवत नाही. इमारत बांधणाऱ्याची असते, वावर वापरणाऱ्यांचा. इ.स. 8 मध्ये त्याला काळ्या समुद्रावरच्या टोमी गावी धाडले. कारणे दोन, असे तो स्वतःच म्हणतो: एक कविता आणि एक चूक. चूक कोणती, ते त्याने कधीच सांगितले नाही. तिथून तो विनवण्या करत राहिला. पुढे ऑगस्टस गेला, टायबेरियस आला. ओव्हिडला परत बोलावणे आले नाही.