पोढीचं पाणी, राणीचा लेख

घाटघर मागे पडलं की वाट जवळजवळ सपाटच जाते. डावीकडे जीवधन किल्ल्याचा कडा आणि त्याला बिलगून उभा असलेला वानरलिंगीचा सुळका. उजवीकडे भात कापून झालेली खाचरं, बांधावर हिरड्याची झाडं. तासाभरात आपण सह्याद्रीच्या काठावर येतो. कोकणातल्या वैशाखऱ्याहून नाणेघाट चढायचा तर दोन-तीन तास घाम गाळावा लागतो. जुन्नरच्या बाजूने मात्र आजीने नातवाचा हात धरून जावं, इतकी ही चाल सोपी आहे. येताना वाटेत चावंड किल्ल्याच्या अंगाला पूर गाव लागतं. तिथे कुकडेश्वराचं जुनं कोरीव देऊळ आहे आणि कुकडी नदीचा उगम आहे. तिथे टेकलात तर दिवस आणखी भरून येतो.

नाणेघाटाच्या या वाटेच्या टोकाला एक लेणं आहे, आणि लेण्यात ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला, एका सातवाहन राणीचा शिलालेख. इतिहासाच्या अभ्यासकांना तो शतकभराहून अधिक काळ परिचयाचा आहे. भगवानलाल इंद्रजींनी एकोणिसाव्या शतकात तो वाचला, त्यांच्यामागून ब्यूलरने. सातवाहनांचा काळ, त्यांचा धर्म, त्यांची वंशावळ या सगळ्यांसाठी तो पुरावा म्हणून तपासला गेला. मला तो एक रचना म्हणून वाचावासा वाटतो. माझं म्हणणं एवढंच, की ही रचना पायी आलेल्या माणसासाठी आहे, आणि पायी आल्याशिवाय तिचा पुरता अर्थ लागत नाही.

राजवाड्यात किंवा देवळात लेख कोरून घेणं या राणीला अवघड नव्हतं. तिने जागा निवडली ती घाटाच्या तोंडाची. सोपारा-कल्याणच्या बंदरांतून निघालेला माल बैलांच्या पाठीवरून घाटाच्या अरुंद नळीतून देशावर चढे, जुन्नरला येई आणि पुढे पैठणकडे जाई. व्यापारी, तांडेवाले, हमाल, भिक्खू, सगळे इथूनच जात. लेणंसुद्धा असं, की आत तिन्ही बाजूंना बसायला दगडी बाक आहेत. म्हणजे आधी माणसाला बसवायचं आणि मग त्याच्या डोळ्यांसमोर अक्षरं ठेवायची, अशी ही योजना. ज्याला वाचता येत नसे, त्याला सोबतचा कोणी वाचून दाखवत असेल. दम खात बसलेल्या माणसाइतका निवांत श्रोता दुसरा कुठे मिळणार?

लेखाची सुरुवात नमनाने होते. धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र आणि सूर्य यांना वंदन, आणि मग चार लोकपाल: यम, वरुण, कुबेर, वासव. पुस्तकात वाचताना ही यादी रिवाजाची वाटते आणि आपण ती भरभर ओलांडतो. लेण्यातून बाहेर येऊन कड्याच्या टोकाशी उभं राहिलं की तीच यादी वेगळी ऐकू येते. लोकपाल म्हणजे दिशांचे राखणदार. इथे तर दिशाच बदलतात. मागे पडलेलं पाणी कुकडीतून घोडेत, घोडेतून भीमेत आणि कृष्णेसोबत पूर्वेच्या समुद्राला जातं. समोर पडलेलं पाणी कोकणात उतरून पश्चिमेच्या समुद्राला मिळतं. एका पावलाच्या अंतराने पाण्याचं नशीब बदलतं, अशा जागी दिशांच्या राखणदारांना हाक मारली आहे. पावसाळ्यात कोकणातून येणारा वारा कड्यावर आपटून असा वर उसळतो, की खाली पडणारं पाणीही तो उलटं वर फेकतो. तो वारा अंगावर घेतलेल्या माणसाला वरुणाचं नाव इथे का आलं, ते सांगावं लागत नाही.

नमनानंतर राणी येते. पतीला, राजा सातकर्णीला, लेखात दक्षिणापथाचा स्वामी म्हटलं आहे. स्वतः राणीची विशेषणं मात्र वैभवाची नाहीत. महिनाभर उपवास करणारी, घरात राहून तापसीसारखी वागणारी, ब्रह्मचर्य पाळणारी: अशा शब्दांत ती उभी राहते. रत्नं, महाल, सैन्य यांपैकी काही नाही. अश्वमेध आणि राजसूय यांची वर्णनं पुढे यायची आहेत, पण त्याआधी ही कृश, व्रतस्थ बाई आपल्याला दिसते. त्यामुळे पुढचं सगळं देणं तिच्या हातून होताना दिसतं. घेण्याची सवय मोडलेल्या हातांनी दिलेलं दान, असा त्याचा सूर लागतो. आणि लेखात जिथे तिचं नाव असायला हवं, तिथेच दगड झिजलेला आहे. नाव मिळतं ते मागच्या भिंतीवर: नायनिका, आपण जिला नागनिका म्हणतो ती.

मग यज्ञ सुरू होतात, आणि लेखाला लय येते. यज्ञाचं नाव, मग ‘दखिना’ म्हणजे दक्षिणा, मग आकडा. पुन्हा यज्ञाचं नाव, पुन्हा ‘दखिना’, पुन्हा आकडा. पालुपदासारखा हा एक शब्द परत परत येतो. अग्न्याधेयाला १२ गाई आणि १ घोडा, अशी साधी सुरुवात. पुढे गाई १७००, हत्ती १०. आणखी पुढे गाई ११,०००, घोडे १०००. एका यज्ञात २४,४०० कार्षापण नाणी, आणि बघायला आलेल्यांना व सेवकांना ६००१. आकडे चढत जातात आणि वाचणाऱ्याचा आवाजही त्यांच्यासोबत चढतो. शेवटच्या ६००१ वर मी दर वेळी थबकतो. हजारांच्या शेवटी तो एक वर का? आपण आजही लग्नाच्या पाकिटात एक रुपया वर घालतो. दगडातला तो एक पाहिला की दोन हजार वर्षांपलीकडची ती बाई अचानक आपल्या नात्यातली वाटते.

हे आकडे नुसते ऐकण्यासारखे नाहीत, पाहण्यासारखेही आहेत. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनाच्या नमुन्यांत त्यांची गणना होते. त्यांत शून्य नाही, स्थानमूल्यही नाही. दहाची खूण वेगळी, शंभराची वेगळी, हजाराची वेगळी. २४,४०० लिहायचे तर तीन चिन्हं शेजारी शेजारी: वीस हजार, चार हजार, चारशे. हजाराच्या खुणेलाच वीस किंवा चार जोडून ते चिन्ह तयार होतं. कोरणाऱ्या माणसाने छिन्नी धरून ही बेरीज दगडात मांडली. आज आपण मोबाइलवर बोट फिरवून हजारो रुपये पाठवतो. त्या मोजणीची जुनी मुळं या काळ्या दगडातही आहेत.

भाषेचंही असंच. हत्तीला इथे ‘हथि’, गावाला ‘गाम’, आणि दक्षिणेला ‘दखिना’. शाळेत संस्कृत शिकलेल्याला हे शब्द तुटके वाटतील. घाटघरच्या पारावर बसून म्हाताऱ्यांच्या गप्पा ऐकणाऱ्याला ते ओळखीचे वाटतील. मराठी ज्या बोलींतून वाढली, त्यांचा आवाज या भिंतीवर आहे. राणीने देवभाषेत लिहवून घेतलं नाही. वाटसरूला कळेल अशा भाषेत घेतलं. हे मला तिच्या दानाइतकंच मोलाचं वाटतं.

मागच्या भिंतीवर एकेकाळी आठ मूर्ती होत्या. सिमुक सातवाहन, राणी आणि सातकर्णी, कुमार, महारठी अशी राजघराण्याची मंडळी ओळीने उभी होती. आज वर नावं आहेत आणि खाली पावलांच्या पुसट खुणा. मधलं सगळं गेलं: चेहरे, दागिने, हात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हळहळलो होतो. आता वाटतं, वाटेवरच्या लेण्यात नाव आणि पाऊल एवढंच उरावं, यात काही चुकलेलं नाही. इथून गेलेल्या लाखो माणसांचं तर नावही उरलं नाही. त्यांची पावलं मात्र आहेत. नळीतल्या पायऱ्यांचे दगड मधोमध गुळगुळीत झाले आहेत ते त्यांच्यामुळेच.

आणि एक छोटा लेख राहिला. घाटात खडक खोदून पाण्याची टाकी केली आहेत. अशा एका टाक्याच्या दानाचा लेख आहे. सोपाऱ्याच्या गोविंददासाने ही ‘पोढी’ दिली, एवढाच मजकूर. यज्ञ नाही, विशेषण नाही, आकडा नाही. गाव, नाव आणि पाणी. राणीच्या वीस ओळींशेजारी ही एक ओळ ठेवली की दोन्हींची चव वाढते. राणीने आपण काय काय दिलं ते सविस्तर सांगितलं. या माणसाला बहुधा हा चढ स्वतःच्या पायांनी माहीत होता. कुठे घसा कोरडा पडतो, ते ठाऊक असलेल्यानेच असं दान करावं.

म्हणून एक सुचवतो. आपण जुन्नरकडून येतो ते वरून, ताजेतवाने. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण पाहतो, ज्यात जकातीची नाणी पडत असं सांगतात, आणि मग नळीतून उतरून लेण्याकडे येतो. लेखाचा खरा वाचक मात्र खालून येई. तेव्हा लेण्यापाशी लगेच थांबू नका. पायऱ्यांनी पंधरा-वीस मिनिटं आणखी खाली उतरा, आणि मग वळून वर चढा. दम लागेल, पाठ भिजेल, जीभ टाळूला चिकटेल. तसेच लेण्यात या आणि बाकावर बसा. समोर राणीच्या दानाचे आकडे असतील, आणि मनात आधी येईल ती गोविंददासाची पोढी. पाण्याचा घोट घ्या, मग राणीकडे वळा. अक्षरांना बोट लावू नका, ती फार झिजली आहेत. नुसते डोळे फिरवा आणि ‘दखिना’ हा शब्द एकदा मोठ्याने म्हणा. दगड तो परत म्हणेल.