बुडून वर आलेला माणूस

गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ मी दर दोन-चार वर्षांनी पुन्हा वाचतो. चिंचपाड्यासारख्या गावात मास्तरकी करणाऱ्याला ते जुने वाटत नाही. बाप मोहाच्या दारूत गेला म्हणून शाळेला मुकलेली पोरे मी पाहिली आहेत. यंदा वाचताना मात्र एक प्रश्न सुटता सुटेना. सुधाकराला वाचवायला माणसे का थोडी होती? सिंधूची माया होती, रामलालचा स्नेह होता. तरी तो बुडाला. असे का व्हावे?

मला वाटते, सुधाकराभोवती मुख्यतः दोन प्रकारची माणसे आहेत : कधी न प्यालेली आणि अजून पीत असलेली. रामलाल काठावर उभा, तळीराम तळाशी. बुडून वर आलेला माणूस नाटकात विरळाच. प्याल्याच्या अवस्था सुधाकर रामलालला समजावून सांगतो, तेव्हा खरे ज्ञान रोग्यापाशी असते आणि निरोगी माणूस नुसता ऐकत असतो. ते ज्ञान कोणाच्याच कामी येत नाही. कारण परतीची वाट आहे यावर सुधाकराचा विश्वासच नाही.

गडकरी 1919 साली वारले. पुढे 1935 मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन हा शेअरदलाल डॉ. बॉब स्मिथ यांना भेटला. विल्सनची दारू नुकतीच सुटली होती. धंद्यात अपयश येताच मन पुन्हा प्याल्याकडे ओढ घेऊ लागले. स्वतः वाचावे म्हणून त्याने दुसरा दारुडा शोधला! स्मिथ तर शस्त्रवैद्य. दारूचे दुष्परिणाम त्यांना कोणी शिकवायला नको होते. पण सांगणारा त्याच वाटेने आलेला होता. या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ जन्मली. आपल्याकडे पुण्यात 1986 साली ‘मुक्तांगण’ सुरू झाले, आणि तिथे बरे झालेले कित्येक रुग्ण पुढे इतरांचे समुपदेशक झाले.

मात्र भोगले म्हणजे कळले, असे नव्हे. भोगले तर तळीरामानेही होते. त्याने मंडळ काढले ते दारूचे! जखमेला शिस्त लागते, शिक्षण लागते. ‘मुक्तांगण’च्या उभारणीत डॉ. अनिता अवचट या मनोविकारतज्ज्ञ होत्या, हे विसरून चालणार नाही.

माझ्या पहिल्या कादंबरीतला दारुडा मी शेवटच्या प्रकरणात रेल्वेच्या रुळांवर मारला. पुष्कळांना तो शेवट आवडला. पण माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी, दारू सोडून तीन वर्षे झालेल्या माणसाने, पुस्तक परत देताना विचारले, “गुरुजी, त्याला घरी आणता नसता का आला?”

गडकऱ्यांनी सुधाकराला मारले, ते त्यांच्या काळाला दिसत होते तेवढ्या सत्याला धरून. मला मात्र घरी आलेला माणूस समोर उभा दिसत होता. तरीही मी रूळच निवडले. ते सोपे होते म्हणून.