लायडनची विद्यापीठ-वाटिका आणि कोचीनच्या वैद्यांची साक्ष

हॉलंडांतील लायडन येथील विद्यापीठाची वनस्पति-वाटिका इ. स. १५९० मध्यें स्थापन झाली. विद्यापीठ निघाल्यास तेव्हां अवघीं पंधरा वर्षें झालीं होतीं. या वाटिकेसंबंधीं जें लेखन आमच्या पाहण्यांत आलें, त्यांतील बहुतेकांचा आरंभ क्लूसिअसपासून होतो व शेवट ट्यूलिपच्या फुलांत होतो. फुलें सुंदर आहेत, यांत वाद नाहीं. परंतु जुन्या कागदांची ज्यांना संवय आहे, अशा आमच्या वाचकांस त्या वाटिकेच्या इतिहासांत फुलांहून अधिक मोलाचें कांहीं सांपडण्यासारखें आहे. आणि त्याकडे झालेलें दुर्लक्ष हाच प्रस्तुत टिपणाचा विषय होय.

१५९३ सालीं क्लूसिअस लायडनला आला, तेव्हां त्याचें वय सदुसष्ट होतें व पायानें तो अधू झाला होता. (त्या वयांत नवें काम अंगावर घेणाराविषयीं आम्हांस साहजिकच आदर वाटतो.) वाफे आंखणें, रोपें लावणें इत्यादि कामें डेल्फ्टचा औषधविक्रेता क्लाइट यानें केलीं व १५९४ मध्यें लागवड पुरी झाली. जागा सुमारें ३५ मीटर रुंद व ४० मीटर लांब, आणि तेवढ्यांत हजाराहून अधिक प्रकारच्या वनस्पति! त्या वर्षीं केलेली लागवडीची यादी शिल्लक राहिली. म्हणूनच विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत बास बेकिंग यांस मूळ वाटिकेची प्रतिकृति उभारतां आली. झाडें गेलीं, यादी राहिली, व यादीवरून झाडें पुन्हां आलीं. तेव्हां ही वाटिका म्हणजे एक संहिताच आहे, असें मानून तिचें परीक्षण करणें अयोग्य होणार नाहीं. प्रत्येक संहितेप्रमाणें हिच्याही प्रती उतरवितांना कांहीं गळलें आहे. काय गळलें, तें पाहूं.

क्लूसिअस लायडनला येण्यापूर्वींच हिंदुस्थानच्या वनस्पति त्याच्या हातांतून गेल्या होत्या. मात्र त्या कागदावर. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्यें गोव्यास आला व १५६३ मध्यें तेथेंच त्यानें आपलीं औषधीविषयक संभाषणें छापविलीं. क्लूसिअसनें त्यांचा लॅटिन संक्षेप १५६७ मध्यें अँटवर्प येथें प्रसिद्ध केला, आणि १६०५ च्या त्याच्या लायडन येथील मोठ्या ग्रंथांत तो पुन्हां आला. यूरोपनें ऑर्ता वाचला तो मुख्यतः या संक्षेपांतून. क्लूसिअसनें ऑर्ताचें नांव लपविलें नाहीं. तो आरोप त्याजवर करतां येत नाहीं. पण मूळ ग्रंथ संवादरूप आहे. त्यांत ऑर्ता व रुआनो बोलतात, मध्येंच दासी आंतोनिया बोलावल्याबरोबर औषधी घेऊन येते, मालुपा नांवाचा हिंदु वैद्यही येतो. क्लूसिअसनें संवाद मोडून प्रकरणें केलीं, त्याबरोबर हीं माणसें नाहींशीं झालीं. वस्तु राहिली, ती कोणीं आणून दिली व कोणीं सांगितली, तें गेलें. संक्षेपकारास हें पाल्हाळ वाटलें असेल; आमच्या मतें तो ग्रंथाचा पुरावाच होता.

हेंच पुढें शंभर वर्षांनीं अधिक मोठ्या प्रमाणावर घडलें. मलबारचा डच अधिकारी हेंद्रिक व्हान रेडे यानें कोचीन येथें करविलेला ‘होर्तुस मलबारिकुस’ हा ग्रंथ १६७८ ते १६९३ पर्यंत ॲम्स्टरडॅम येथें बारा खंडांत निघाला. सातशेंहून अधिक वनस्पतींचीं वर्णनें व तांब्याच्या पत्र्यांवरून काढलेलीं मोठालीं चित्रें त्यांत आहेत. रेडे स्वतः १६९१ मध्यें सुरतेच्या वाटेवर मरण पावला. त्याचें थडगें सुरतेस आहे. या ग्रंथाच्या पहिल्या खंडास टीपा जोडल्या त्या आर्नोल्ड सायेन यानें. हा लायडनचा प्राध्यापक व त्या वाटिकेचा प्रमुख. मलबार त्यानें पाहिला नव्हता. त्याच्या टीपांचा रोख वनस्पतीचा मेळ पूर्वीच्या यूरोपीय ग्रंथांशीं कसा घालावा, याकडे आहे. म्हणजे वाटिकेच्या माणसानें ग्रंथास ग्रंथांचीच साक्ष काढली. खालची साक्ष मात्र निराळी आहे. इट्टि अच्युतन् हा मलबारी वैद्य आपल्या भाषेंत सांगे, इमॅन्युएल कार्नेरो तें पोर्तुगीजमध्यें उतरवी, त्यावरून डच, व डचवरून पाद्री कासेआरिउस लॅटिन करी. चार भाषांचे चार घाट ओलांडून आलेल्या या माहितीवर सायेननें पांचवा हात फिरविला.

याच पहिल्या खंडांत रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तिघां कोंकणी ब्राह्मण वैद्यांचें एप्रिल १६७५ चें निवेदन आहे. तें नागरी लिपींत व कोंकणी भाषेंत आहे. आपण दोन वर्षें सकाळ-संध्याकाळ हें काम केलें, असें ते त्यांत सांगतात. पोर्तुगीजांच्या जाचास कंटाळून गोव्याहून दक्षिणेस गेलेल्या मंडळींच्या वस्तींतून हा कागद निघाला, एवढें ध्यानांत घेतलें म्हणजे त्याचें मोल निराळें सांगावयास नको. हें नागरीचें पहिलें मुद्रण, असें कोणी कोणी लिहितात. तें बरोबर नाहीं. किर्खरच्या १६६७ च्या चीनविषयक ग्रंथांत नागरी वर्णमाला त्यापूर्वींच कोरून छापलेली आहे. रेडेच्या ग्रंथांतही खिळे नाहींत. अक्षरें चित्रासारखींच पत्र्यावर खोदलेलीं आहेत. वनस्पतींच्या चित्रांवर नागरी नांवें आहेत, तींही तशींच. खोदणारास लिपि येत नव्हती. तेव्हां काना, मात्रा व अनुस्वार यांचे प्रमाद त्यांत असावयाचेच. लेखकप्रमादाचे जे नियम आपण पोथीस लावतों, तेच येथें लावून तीं नांवें वाचलीं पाहिजेत. रोमन अक्षरांतलें नांव हें त्या वेळीं पाठभेदाचें काम करील.

या वैद्यांच्या साक्षींत त्यांच्या आधारग्रंथाचें नांव ‘महानिघंटु’ असें येतें. आमचें लक्ष सर्वांत अधिक वेधलें तें या एका शब्दानें. आम्ही शाळेंत अमरकोशांतील वनौषधिवर्ग पुष्कळ वर्षें शिकविला. मुलें पर्याय धडाधड म्हणत, पण “गुरुजी, हें झाड दिसतें कसें?” असें एखाद्यानें विचारलें, म्हणजे आम्ही निरुत्तर होत असूं. निघंटूंची रचनाच तशी आहे. पर्याय, रस, वीर्य, विपाक व गुण सांगितले, कीं निघंटुकाराचें काम झालें. पान कसें व पाकळ्या किती, हें तो गुरूकडून प्रत्यक्ष शिकावयाचें, असें समजतो. नरहरीनें आपल्या राजनिघंटूंत संस्कृत पर्यायांबरोबर महाराष्ट्र व कर्णाट देशांतील नांवेंही दिलीं, तीं याच अडचणीसाठीं. आतां, कोचीनच्या वैद्यांसमोर झाडाची फांदी तोडून आणून ठेवलेली, शेजारीं चितारी बसलेला, आणि हातांत निघंटु. श्लोकांतलें नांव या फांदीचें कीं त्या फांदीचें, हा निवाडा त्यांना दोन वर्षें करावा लागला. हें केवळ नांव सांगणें नव्हे. हा अर्थनिर्णय आहे. लायडनच्या टीपाकारानें यूरोपीय ग्रंथांवरून जें केलें, तेंच या तिघांनीं आपल्या ग्रंथावरून केलें, आणि तेंही झाड समोर ठेवून.

असें असतां आपल्याकडील कांहीं लेखक दुसऱ्या टोंकास जातात. सगळा ग्रंथ आमच्या ब्राह्मणांचा, रेडेनें केवळ खर्च केला, असा त्यांचा सूर असतो. हें आम्हांस मान्य नाहीं. झाडांची प्रत्यक्ष ओळख व उपयोग यांचा मोठा भाग इट्टि अच्युतन् याच्या घराण्यांतील परंपरेंतून आलेला आहे, हें त्याच्या स्वतःच्या साक्षीवरून दिसतें. आणि तो ईळव जातीचा होता, म्हणून त्याचें माप कमी करणें हें संशोधन नव्हे. तिघां वैद्यांनीं स्वतः तसा दावा केलेला नाहीं. त्यांच्या नांवानें आपण कां करावा? केरळांतील वनस्पतिशास्त्रज्ञ मणिलाल यांनीं अनेक दशकें खपून या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर केलें व तें २००३ मध्यें प्रसिद्ध झालें. त्यानंतर तरी अशा ढोबळ विधानांस निमित्त उरलेलें नाहीं.

लिनिअस १७३५ मध्यें हॉलंडांत आला व त्याच्या आरंभींच्या मोठ्या ग्रंथांपैकीं कांहीं लायडन येथें छापले गेले. रेडेच्या वर्णनांवर त्याचा फार भरंवसा होता. सोनचाफ्यास त्यानें १७५३ मध्यें जें नांव दिलें, त्यांत ‘चंपका’ हा शब्द आहे. तो रेडेच्या ‘चंपकम्’वरून आला, व तो मूळचा आमचा चम्पकच. शास्त्रीय रीतीप्रमाणें नांवापुढें ‘लि.’ हें एक अक्षर येतें, तें लिनिअसचें. नियम म्हणून तें योग्यच आहे, कारण नामकरण त्याचें. पण त्या अक्षरामागें सायेन, कासेआरिउस, कार्नेरो, इट्टि अच्युतन् व तीन वैद्य उभे आहेत, हें वाटिकेचा इतिहास लिहिणारानें तरी विसरूं नये. पुढें झीबोल्टनें जपानांतून आणलेल्या झाडांपैकीं कांहीं लायडनला अद्याप उभीं आहेत. एका फुलास त्यानें ‘ओताक्सा’ म्हणून आपल्या जपानी सहचारिणीचें नांव दिलें, असें म्हणतात. तेथें निदान नांव तरी राहिलें.

महानिघंटु हें एखाद्या विशिष्ट ग्रंथाचें नांव कीं केवळ ‘मोठा निघंटु’ एवढाच अर्थ, याचा निर्णय लायडनच्या कपाटांत होणार नाहीं. गोवा, कारवार, मंगळूर व कोचीन येथील वैद्यघराण्यांच्या दप्तरांत निघंटूंच्या पोथ्या अजून आहेत. संग्राहक त्यांस ‘औषधांचे सुटे कागद’ म्हणून बाजूस ठेवतात, हें आम्हीं स्वतः पाहिलें आहे. अशा पोथीच्या समासांत कोंकणी नांवें लिहिलेलीं आढळल्यास तीं रेडेच्या चित्रांवरील नागरी नांवांशीं ताडून पाहावीं, व पोथीच्या शेवटची पुष्पिका, लेखनशक आणि समासांतील नांवें यांची नक्कल आम्हांकडे धाडावी. मूळ पोथी पाठविण्याची गरज नाहीं.