अब्बासी क्रांती : वंशाचे माप आणि त्याची मर्यादा

इ. स. ७५० मध्ये झाब नदीकाठच्या लढाईत उमय्या घराण्याची सत्ता मोडली व खिलाफत अब्बासी घराण्याच्या हाती स्थिरावली. या स्थित्यंतराची सर्वांत प्रभावी मीमांसा वेलहाउझेन या जर्मन पंडिताच्या १९०२ मधील ग्रंथात आढळते. अरबी राज्याचा हा अंत होय व त्याच्या मुळाशी खुरासानातील मवालींचा, म्हणजे अरब टोळ्यांच्या आश्रयाने इस्लाममध्ये आलेल्या इराण्यांचा, असंतोष होता, हे तिचे सार. धर्मांतरानंतरही मवालींवर कराचा बोजा राहत असे; तेव्हा ही उपपत्ती निराधार खचित नाही.

परंतु चळवळीचे नेतृत्व पाहता अडचण उभी राहते. सुलैमान बिन कसीर हा खुजाआ टोळीचा, तर सेनापती कहतबा बिन शबीब हा तय्य टोळीचा, दोघेही अरब. मर्वच्या परिसरात स्थायिक झालेल्या अरबांचीही गाऱ्हाणी होती. याच पुराव्यावर भर देऊन शाबान यांनी १९७० मध्ये क्रांतीचे मुख्य बळ या अरब वसाहतकऱ्यांचे ठरविले. तराजूचे पारडे फिरले. तराजू मात्र तोच राहिला.

तबरीच्या इतिहासातील एक नोंद येथे निर्णायक वाटते. अबू मुस्लिमने आपल्या सैनिकांची नोंद टोळीवार न ठेवता प्रत्येकाचे नाव, पित्याचे नाव व गाव अशी करविली. उमय्यांच्या सैन्यव्यवस्थेचा पाया टोळी हा होता. तो बाजूस सारताच टोळी नसलेला मवाली व टोळीचा अरब एकाच यादीत समान पायरीवर आले. ‘खुरासानचे लोक’ हे या सैन्याचे नावही वंशाचे नव्हे, प्रदेशाचे आहे.

पुढील घटनाही हेच सुचवितात. अबू मुस्लिमने सुलैमानचा वध करविला. ७५५ मध्ये खलीफा मन्सूरने अबू मुस्लिमचा. हे संघर्ष सत्तेचे होते, वंशांचे नव्हेत. बर्मकी घराण्याचे ८०३ पर्यंतचे वैभव इराण्यांच्या वाढत्या वजनाची साक्ष देते. पण ते क्रांतीचे फलित होय. फलितावरून कारणाचा निर्णय करणे हा तर्कदोष आहे.

अरब कोण व इराणी कोण, यापेक्षा कोणत्या अन्यायाने त्या दोघांस एका झेंड्याखाली आणले, हा प्रश्न अधिक सार्थ ठरतो.