जुना संगणक आणि बाईंच्या प्रश्नपत्रिका

विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. शाळांतील जुन्या संगणकांत बहुधा या दोन्ही गोष्टी नसतात. म्हणून 'संगणक भंगारात देऊ नका, त्यावर लिनक्स घाला' असा सल्ला दिला जातो. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील शिक्षकांना आम्हीही तो देत आलो आहोत. सल्ला चुकीचा नाही. पण तो ज्या रीतीने दिला जातो तिच्यात एक मोठी उणीव आहे, आणि तिची किंमत शिक्षकाला मोजावी लागते.

आधी जमेची बाजू पाहू. २ जीबी मेमरीच्या संगणकावर डेबियन ही प्रणाली एक्सएफसीई या हलक्या मांडणीसह बरी चालते. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली तर फरक लगेच जाणवतो. मात्र 'संगणक नव्यासारखा होतो' ही अतिशयोक्ती आहे. मेमरी खातो तो ब्राउझर. यू-डायस प्लसची माहिती भरायची तर तो उघडावाच लागतो, आणि तिथे लिनक्सही फारसे काही करू शकत नाही. ३२ बिटी संगणकांचे तर दिवस भरत आले आहेत. ऑगस्ट २०२५ मधील डेबियन १३ पासून त्यांच्यासाठी इन्स्टॉलर मिळत नाही.

आता उणीव. माण तालुक्यातील एका शाळेत आम्ही एका शनिवारी तीन संगणकांवर लिनक्स घातले. जुन्या फाइली आधी जपून ठेवल्या होत्या, त्या परत भरल्या. सगळे खूश. सोमवारी एका बाईंचा फोन आला, "सर, माझ्या प्रश्नपत्रिका गेल्या हो!" फाइली जागेवरच होत्या. पण उघडल्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा कचरा दिसत होता. बारा वर्षांचे काम होते ते. चूक आमचीच होती. बाई कशात टाइप करतात हे आम्ही विचारलेच नव्हते.

असे का होते? संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. श्रीलिपी, कृतिदेव किंवा सीडॅकच्या आयएसएममधील जुन्या फाँटांत रोमन अक्षरांच्या आकड्यांवरच देवनागरीची चित्रे बसवलेली असत. तो फाँट असेल तर मराठी दिसते, नसेल तर कचरा. युनिकोडमध्ये 'क' चा आकडा २३२५ हा आहे आणि तो कोणत्याही संगणकावर तोच राहतो. वरच्या वर्गातील मुलांना हे सहज दाखवता येईल. जुन्या फाँटात एक ओळ टाइप करावी आणि फाँट बदलावा.

मग फाइली युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात, हे ओघानेच आले. पण 'निसर्ग' हा शब्द घ्या. जुन्या फाँटात अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवली जातात, म्हणजे ऱ्हस्व वेलांटी आधी आणि 'न' नंतर. 'ग' आधी आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा, म्हणून दोन्हीकडे उलटापालट करावी लागते. बदल करणारी आज्ञावली नेमकी इथेच चुकते. जोडाक्षरांत तर फारच. शेवटी माणसालाच वाचून दुरुस्त करावे लागते. जुना फाँट उचलून लिनक्सवर आणावा तर परवाना आडवा येतो. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे फुकट सॉफ्टवेअर नव्हे, हे व्याख्यानातून पटत नाही, ते असे अडल्यावर कळते. गंमत अशी, की लिनक्सवर मिळणाऱ्या मुक्त 'लोहित' फाँटांचे मूळ श्रीलिपी बनवणाऱ्या पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडचेच आहे. रेड हॅटने ते घेऊन मुक्त परवान्याखाली सर्वांना खुले केले.

लिनक्सची वाखाणणी करणाऱ्या लेखांत यातले काही नसते. त्यांत बूट व्हायला किती सेकंद लागतात ते असते. लिहिणाऱ्याचे काम इंग्रजीत चालते, त्यामुळे ही अडचण त्याच्या वाट्यालाच येत नाही. मराठी मेनू आहेत, हे खरे. पण त्यांतले शब्द कोशातून उतरवल्यासारखे आहेत. आमच्या ओळखीच्या बहुतेक शिक्षकांनी दोन दिवसांत इंग्रजी मेनू परत मागितले.

पुढे जत तालुक्यातील एका शाळेत आम्ही क्रम उलटा केला. पहिल्या भेटीत फक्त फाइली आणि फाँट पाहिले, इन्स्टॉल काहीच केले नाही. एक संगणक जुन्या प्रणालीवर ठेवून त्याचे इंटरनेट काढून टाकले. जुनी फाइल उघडून छापायची असेल तर तिथे. बाकी चारांवर डेबियन. नवे सारे टायपिंग युनिकोडमध्ये, इनस्क्रिप्ट कळफलकाने. टंकलेखन यंत्रावर हात बसलेल्या क्लार्कना तो पहिले तीन आठवडे नकोसा झाला आणि ते त्यांनी आम्हाला स्पष्ट ऐकवले. जुन्या प्रश्नपत्रिका शिक्षक सवडीने बदलून घेत आहेत. रफारांची दुरुस्ती सध्या आठवीच्या भूगोलापर्यंत आली आहे.