उलट्या पट्टीचे गद्य

मराठीत अर्थशास्त्रीय लेखनाची परंपरा तशी जुनी आहे. लोकहितवादींचे ‘लक्ष्मीज्ञान’ १८४९ चे, तर कृष्णशास्त्री चिपळूणकरांची ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ १८५५ ची. ही दोन्ही पुस्तके इंग्रजी ग्रंथांच्या आधाराने सिद्ध झाली. तयार शास्त्र देशी वाचकाला समजावून देणे हा त्यांचा हेतू होता. या शास्त्राशीच भांडण मांडणारे लेखन मात्र मराठीत प्रस्थापित प्रकाशनव्यवहाराच्या कडेला किंवा सर्वस्वी बाहेर झाले, आणि बहुधा त्याला आपले प्रकाशन आपणच उभारावे लागले. ही बाब ग्रंथव्यवसायाच्या इतिहासात जमा करून समीक्षा मोकळी झाली आहे. वस्तुतः तिचा संबंध या लेखनाच्या रूपबंधाशी आहे.

जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) हे त्याचे ठळक उदाहरण. ‘दीनबंधू’ हे सत्यशोधकांचे स्वतःचे पत्र. त्यानेही या ग्रंथाचा आरंभीचा भाग छापून पुढचा छापण्याचे थांबवले. फुल्यांनी त्यातील भाग ठिकठिकाणी जाहीरपणे वाचून दाखवले, बडोद्याला सयाजीराव गायकवाडांपुढेही वाचले. छापखान्याने नाकारलेली संहिता श्रोत्यांच्या आधारे जगली. शेतकऱ्याच्या संसाराचा आणि सरकारी करांचा हिशेब मध्येच एखाद्या तळटिपेत मांडायचा आणि लगेच वाचा फोडल्यासारखे बोलू लागायचे, ही त्या ग्रंथाची जी ‘विस्कळित’ म्हणून हिणवली गेलेली रीत आहे, तिचे मूळ या श्रोतृसंबंधात शोधावे लागते.

फुल्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. याच जिल्ह्याच्या पश्चिम माथ्यावर १८६० च्या दशकात जॉन चेसन याने इंग्रजांच्या विश्रांतीसाठी पाचगणी वसवली. पुढे तेथे निवासी शाळा उभ्या राहिल्या. कटगुण पूर्वेकडील अवर्षणग्रस्त खटाव तालुक्यात. ‘इंडिया’ आणि ‘भारत’ ही जोडी ज्यांनी मराठी वादविवादात रूढ केली त्या शरद जोशींचा जन्मही साताऱ्याचाच, १९३५ चा. या योगायोगाला फार अर्थ देण्याचे कारण नाही. एवढेच, की त्या जोडीतला भेद समजण्यासाठी दिल्लीपर्यंत जावे लागत नाही. एका जिल्ह्याचा नकाशा पुरतो.

बर्न येथील आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतील नोकरी सोडून जोशी चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करू लागले. शेतकरी संघटना, १९८० चे कांदा आंदोलन आणि त्यानंतरचा इतिहास सर्वपरिचित आहे. त्यामानाने अलिबागच्या शेतकरी प्रकाशनाकडे कोणाचे लक्ष गेले नाही. संघटनेच्या प्रशिक्षण शिबिरांतील भाषणे सुरेशचंद्र म्हात्रे यांनी संकलित केली. ‘शेतकरी संघटना : विचार आणि कार्यपद्धती’ हे पुस्तक त्यातून झाले. ‘प्रचलित अर्थव्यवस्थेवर नवा प्रकाश’ हे शीर्षकच प्रकाशनाच्या प्रयोजनाची घोषणा आहे. जोडीला ‘शेतकरी संघटक’ हे नियतकालिक. अशा पुस्तकाचा वाचक ग्रंथालयात बसलेला नसतो. तो सभेला आलेला असतो, आणि त्याने पुस्तक घरी नेले तरी तेथे ते पुन्हा मोठ्याने वाचले जाण्याचा संभव असतो.

म्हणून या गद्याची मूळ एकके परिच्छेद आणि प्रकरण ही नव्हेत; उदाहरण आणि हिशेब ही आहेत. ‘उलटी पट्टी’ घ्यावी. शेतकरी माल बाजारात पाठवतो, अडत्या तो विकतो, गाडीभाडे, हमाली, तोलाई, अडत वजा करतो आणि उरलेल्या रकमेची पट्टी शेतकऱ्याला देतो. वजावट किमतीहून अधिक झाली की पट्टी उलटते : माल देऊन वर शेतकऱ्याकडेच येणे निघते. हा अनुभव गावोगाव होता, पण तो नशिबाच्या खात्यावर मांडला जाई. जोशींच्या गद्याने त्याचे खाते बदलले. एका कागदाच्या तुकड्यावरून ते निर्यातबंदीकडे, लेव्हीकडे, आणि शेतीतील वरकड ओढून औद्योगिक भांडवल उभारण्याच्या धोरणाकडे जातात. मार्क्सच्या शोषणसिद्धान्तात कच्च्या मालाच्या लुटीला पुरेशी जागा नाही, हा आक्षेप त्याच ओघात येतो. ‘उणे सबसिडी’ ही संज्ञा श्रोत्याला समजते, कारण पट्टी उलटताना त्याने आधीच पाहिलेली असते. पारिभाषिक शब्द अनुभवाच्या नंतर येतो. विद्यापीठीय मराठीत हा क्रम जवळजवळ नेहमी उलटा असतो, आणि तिची दुर्बोधता शब्दांपेक्षा या क्रमातून येते.

या स्वायत्ततेची किंमतही मोजावी लागली. लेखक हाच नेता, प्रकाशक हा सहकारी आणि वाचक हा कार्यकर्ता, अशा रचनेत संहितेला विरोधक भेटत नाही. भूमिहीन मजुराचे काय, हा डाव्यांनी सतत विचारलेला प्रश्न या गद्यात येतो, परंतु भाव मिळाला की मजुरीही वाढेल या उत्तराने फार लवकर मिटवला जातो. तेथे उदाहरण नाही, हिशेबही नाही; केवळ आश्वासन आहे. जे गद्य इतरत्र आण्यापैचा जाब मागते ते नेमके येथे सैल पडावे, हे लक्षणीय आहे. १९९१ नंतर दुसरी अडचण उभी राहिली. नियोजनप्रणीत व्यवस्थेविरुद्ध बंडखोर असलेले हे अर्थशास्त्र डंकेल प्रस्तावाचे समर्थन करताना राज्यकर्त्यांच्या नव्या भाषेच्या शेजारी जाऊन बसले. विचार बदलला नव्हता, भोवतालची सनातनी मते बदलली होती. तरीही विरोधात घडलेल्या वाक्यांचा पीळ थोडा सुटला, हे नाकारता येणार नाही.

‘चांदवडची शिदोरी’ या पुस्तिकेचे स्थान म्हणूनच वेगळे. नोव्हेंबर १९८६ च्या चांदवड येथील महिला अधिवेशनाशी निगडित असलेले हे लेखन ग्रामीण स्त्रियांशी झालेल्या चर्चांतून आकाराला आले. येथे वक्त्याला अडवणारे आवाज आहेत. घरातल्या श्रमाचा हिशेब कोणत्या पट्टीत धरायचा, हा प्रश्न भावाच्या एककलमी कार्यक्रमात मावत नाही आणि लेखकाला तो मावतो असे भासवताही येत नाही. पुढे शेतजमिनीचा हिस्सा पत्नीच्या नावे करण्याची लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली, तिची बीजे या अस्वस्थतेत आहेत. सिद्धान्ताची सफाई येथे कमी आहे, आणि वाङ्मय म्हणून संपूर्ण मालिकेत हीच पुस्तिका सरस ठरते.

नंतरच्या काळात औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) जनशक्ती वाचक चळवळीने जोशींचे लेखन नव्याने ग्रंथरूपात आणले. ‘अंगारमळा’ हे आत्मपर लेखन त्यामुळे शेतकरी नसलेल्या वाचकापर्यंत पोचले आणि त्याचे कौतुकही झाले. कौतुक झाले ते ललित गद्य म्हणून. २०१५ मध्ये जोशींचे निधन झाले तेव्हा लिहिल्या गेलेल्या मृत्युलेखांत आंदोलने होती, खासदारकी होती. पट्टीचा तो कागद वाचायला शिकवणाऱ्या शिबिरांतल्या पुस्तकांचा उल्लेख शोधावाच लागे.