कुशीवर की आरामखुर्चीत? : खांद्याच्या शस्त्रक्रियेतील एका वादाचे परीक्षण

वारंवार निखळणाऱ्या खांद्याची दुरुस्ती दुर्बिणीतून करताना रुग्णास निरोगी कुशीवर निजवून दुखरा हात वजनाने ताणून धरावा, की पाठीला टेकण देऊन त्यास अर्धवट बसते करावे, हा वाद तीन तपांचा आहे. स्कायहार, वॉरेन प्रभृती अमेरिकन शल्यविशारदांनी १९८८ मध्ये दुसऱ्या पद्धतीचे विवेचन प्रसिद्ध केले आणि किनाऱ्यावरील आरामखुर्चीचे नाव तिला कायमचे चिकटले. ताणामुळे हाताच्या मज्जातंतूंना होणारी इजा टळावी आणि गरज पडल्यास खुली शस्त्रक्रिया त्याच बैठकीत करता यावी, हे तिचे मुख्य समर्थन. पुढे दोन्ही पक्षांनी एकेक आकडा हाती धरला. हे दोन्ही आकडे खरे आहेत. त्यांतून काढले जाणारे निष्कर्ष मात्र तितके खरे नाहीत.

कुशीच्या पक्षाचा आकडा फ्रँक आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या समालोचनातील आहे. ६४ अभ्यासांतील ३,६६८ खांद्यांचा हिशेब करता, शस्त्रक्रियेनंतर पुन्हा उद्भवलेल्या अस्थिरतेचे सरासरी प्रमाण आरामखुर्चीत १४.६५ टक्के, तर कुशीवर ८.५ टक्के आढळले. फरक मोठा दिसतो. परंतु पहिल्या गटातील निरनिराळे अभ्यास ० पासून ३८ टक्क्यांपर्यंत आणि दुसऱ्यातील ० पासून ३० टक्क्यांपर्यंत विखुरलेले आहेत, हे सरासरी सांगताना सहसा गाळले जाते. ज्या गटाच्या पोटातच एवढी तफावत आहे, तेथे यशापयशाचे कारण केवळ बैठकीत शोधणे धाडसाचे ठरेल. बर्कहार्ट आणि डी बीअर यांनी २००० मध्ये दाखवून दिले होते की, हाडाची लक्षणीय झीज नसलेल्या रुग्णांत बँकार्ट दुरुस्ती ४ टक्के वेळा फसली, तर झीज असलेल्यांत ६७ टक्के. या दरीपुढे सहा टक्क्यांचा फरक फिका पडतो. भिन्न शल्यविशारद, भिन्न रुग्ण आणि भिन्न काळ यांची बेरीज करून दोन बैठकींची तुलना सिद्ध होत नाही.

याचा अर्थ कुशीचा युक्तिवाद पोकळ आहे असा नव्हे. सुमारे पाच ते सात किलोंच्या ताणाने सांधा फाकतो, खोबणीची खालची कड उघडी पडते आणि दुरुस्तीतील सर्वांत अवघड असा तळाचा टाका सुकर होतो. ही शरीररचनेची साक्ष आहे, आणि सरासरीपेक्षा तिचे मोल अधिक आहे.

आरामखुर्चीच्या विरोधकांचा आकडा तर अधिकच भयावह वाटतो. मर्फी आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या अभ्यासात बसत्या रुग्णांपैकी ८०.३ टक्क्यांच्या मेंदूतील प्राणवायूची पातळी घसरली. कुशीवरील एकाचीही नाही. परंतु ‘घसरण’ म्हणजे काय? मूळ पातळीपासून २० टक्के उतार अथवा ५५ टक्क्यांच्या खाली जाणे, आणि तेही केवळ १५ सेकंद टिकले तरी पुरे. हे धोक्याचे चिन्ह आहे, इजा नव्हे. इजा होते हेही तितकेच खरे. पोल आणि कलन यांनी २००५ मध्ये मेंदू व मज्जारज्जूच्या अशा इजेचे ४ रुग्ण नोंदविले आहेत. त्यांचे गांभीर्य मान्य करूनही विचारावे लागते की, दोष बैठकीचा की मोजमापाचा? दर सेंटिमीटर उंचीस रक्तदाब सुमारे ०.७७ मिलिमीटर पाऱ्याने उतरतो. दंडावरील पट्ट्यापेक्षा मेंदू २० सेंटिमीटर उंच असेल, तर तेथील दाब दिसतो त्याहून सुमारे १५ ने कमी असतो. पट्टा पायावर बांधला तर आकडा आणखीच फसवा. भूलतज्ज्ञाने हा हिशेब न करता, रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून दाब हेतुतः उतरवला, तर खुर्चीला दोष देणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही.

खरी तुलना एकाच शल्यविशारदाने, झीज मोजून निवडलेल्या रुग्णांवर, दोन्ही बैठकींत करावयास हवी. अडचण अशी की, ज्याचा हात एका बैठकीत घडला, तो दुसऱ्या बैठकीत काही काळ नवशिकाच असतो. आणि त्या काळातील अपयश कोणाच्या खाती मांडावे, याचे उत्तर दोहोंपैकी एकाही पक्षाने दिलेले नाही.